काकांना उजेड पाडायचाय

(नाना पेठ, दिवेलागणीची वेळ. गाडीचा जो पार्ट इथे मिळत नाही तो गाडीला नसतोच, अशी या गल्लीची ख्याती. दुकानापुढे जेमतेम मावलेली एमएच-१२ची जुनी हॅचबॅक आणि तिच्यातून उतरलेलं निवृत्त गिऱ्हाईक. काउंटरमागे दुकानदार. फूटपाथवर उकिडवा बसलेला वायरमन.)

गिऱ्हाईक : हेडलाइटचे बल्ब दाखवा. साधे नकोत. समोरच्याने डोळे मिटले पाहिजेत.

दुकानदार : समोरच्याने डोळे मिटले तर तो येऊन तुमच्यावरच आदळेल, काका.

गिऱ्हाईक : ते त्याचं तो बघेल.

दुकानदार : मिटल्या डोळ्यांनी?

गिऱ्हाईक : शब्दांत पकडू नका. परवा रात्री ताम्हिणीतून येत होतो. माझ्या दिव्यात रस्त्याची पांढरी पट्टी दिसेना. आणि समोरून एक आला, त्याच्या उजेडात मला माझ्या चष्म्यावरचे ओरखडे मोजता आले.

दुकानदार : मग पेपरला पत्र लिहायचं.

गिऱ्हाईक : लिहिलं. छापूनही आलं. (खिशातून कात्रण काढतात.) ‘प्रखर दिव्यांची मस्ती उतरवा.’ १९८९च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांचा दाखला दिलाय. झोत खाली वळवलेला हवा, समोरच्याचे डोळे दिपता कामा नयेत.

दुकानदार : आणि आता तसलेच दिवे तुम्हाला हवेत.

गिऱ्हाईक : पत्र नागरिक म्हणून लिहिलं. बल्ब चालक म्हणून घेतोय.

(वायरमन तोंड फिरवून हसतो. पुण्यात हा युक्तिवाद कोर्टातही टिकेल.)

दुकानदार : तुमच्या गाडीला एच-फोर लागतो. ६०/५५ वॉट. अप्परला ६०, डिप्परला ५५.

गिऱ्हाईक : मला १००/९० हवाय. शेजारच्या मुलाने लावलाय.

दुकानदार : आहे की. हा घ्या बॉक्स. काय लिहिलंय वाचा.

गिऱ्हाईक : (चष्मा कपाळावर सरकवून) ‘फक्त ऑफ-रोड वापरासाठी.’ मग झालं! पुण्यात ऑन-रोड आहे कुठे?

दुकानदार : बरं. आता वर बघा. खिळ्याला काय टांगलंय?

गिऱ्हाईक : काय आहे हे काळं?

दुकानदार : होल्डर होता. अप्परला दोन ६०चे म्हणजे १० अँपिअर, तेवढ्याच हिशेबाने कंपनी वायर घालते. तुम्ही दोन १००चे लावले की तीच वायर १७ ओढते. मग वायर तापते, होल्डर वितळतो आणि रिफ्लेक्टर काळा पडतो. शेजारच्या मुलाला विचारा, त्याचा अजून शाबूत आहे का.

गिऱ्हाईक : (थोडं थांबून) तो हल्ली बाइकनेच जातो खरा. बरं, वॉट राहू द्या. तो पांढरा द्या, ६०००वाला. माझा आहे तो ३०००चा म्हणे. सरळ दुप्पट.

दुकानदार : ते केल्विन हो. उजेडाचा रंग कळतो त्याने, उजेड किती ते नाही. साधा हॅलोजन ३२००च्या आसपास, पिवळसर. पांढरा दिसावा म्हणून हॅलोजनच्या काचेला निळा थर देतात, आणि तो थर थोडा उजेड स्वतःच खातो.

गिऱ्हाईक : विकता तुम्ही आणि खोडूनही तुम्हीच काढता?

दुकानदार : पोरांना विकतो. ती परत भांडायला येत नाहीत. तुम्ही याल.

गिऱ्हाईक : येईनच. मग एलईडी द्या, विषय संपला.

(दुकानदार न बोलता एक साधा बल्ब बॉक्समधून काढतो, पितळी बुडाशी धरून ट्यूबलाइटसमोर नेतो. काकांचं बोट पुढे येतं.)

दुकानदार : हं हं! काचेला हात नको! बोटाचा तेलकटपणा काचेवर राहिला की पेटल्यावर तेवढीच जागा जास्त तापते. काच तडकते.

गिऱ्हाईक : मी हात धुऊन आलोय.

दुकानदार : आणि मघाशी समोर भजी कोण खात होतं? नुसतं बघा. आत दोन तारा आहेत. बुडाजवळची अप्परची, पुढची डिप्परची. त्या पुढचीच्या खाली काय दिसतंय?

गिऱ्हाईक : पत्र्याची वाटी आहे. इवलीशी.

दुकानदार : त्या वाटीत सगळा खेळ आहे. डिप्परच्या तारेचा खाली जाणारा उजेड ती अडवते. त्यामुळे रिफ्लेक्टरच्या वरच्या अर्ध्या भागालाच उजेड मिळतो आणि तो रस्त्याकडे खाली वळतो. तार मिलिमीटरभर सरकली तरी झोत बिघडतो. एलईडीत तार नाही, दोन्ही अंगांना चिपा. रिफ्लेक्टर बनवलाय या तारेसाठी. त्याला काही उमगत नाही, तो उजेड देतो भिरकावून. समोरच्याच्या तोंडावर, झाडावर, आभाळात.

गिऱ्हाईक : समोरच्याच्या तोंडावर! हेच तर मी मघापासून मागतोय.

दुकानदार : तिकडे गेला तेवढा तुमच्या रस्त्यावर कमी पडला, काका. रोज सकाळी फिरायला कुठे जाता?

गिऱ्हाईक : एआरएआयच्या टेकडीवर. का?

दुकानदार : ती संस्था १९६६ सालची. तिथे अंधाऱ्या खोलीत दिवा पेटवून मोजतात, कुठल्या ठिकाणी किती उजेड पडतो. रस्त्यावर अमुक इतका पडलाच पाहिजे, डोळ्यांच्या उंचीला अमुकच्या वर जाता कामा नये.

गिऱ्हाईक : मला तिथले फक्त मोर माहीत.

(एक रिक्षा अर्धी दुकानात शिरल्यासारखी थांबते. अर्थात दिवा न लावता.)

रिक्षावाला : शेठ, एक बल्ब. स्वस्तातला.

दुकानदार : गेल्या गणपतीत बंद पडला म्हणालेलास ना? आत्ता आठवण झाली?

रिक्षावाला : उद्या पासिंगला न्यायचीय.

गिऱ्हाईक : म्हणजे इतके दिवस रात्री बिनदिव्याची चालवलीत? कशी?

रिक्षावाला : पुढच्या गाडीच्या उजेडात. (काकांच्या गाडीकडे बघत) हिच्या मागे नाही जमायचं.

(बल्ब घेऊन जातो. काकांना हे लागतं. पत्राच्या दुसऱ्या भागाचा मजकूर त्यांच्या डोळ्यांत दिसू लागतो.)

गिऱ्हाईक : दुचाकींचं बरं आहे. १ एप्रिल २०१७पासून नव्या गाड्यांचा दिवा किल्ली फिरवून गाडी चालू केली की लागतोच. लोक मात्र अजून पाच बोटं उघडमीट करत सांगतात, लाइट चालू राहिलाय.

वायरमन : काका, बॉनेट उघडा. इंजिन चालू, दिवे चालू. (मीटरच्या पिना लावतो.) बॅटरीवर १३.९. आता होल्डरपाशी... १२.५.

गिऱ्हाईक : दीडाचाही फरक नाही. चालायचंच.

वायरमन : दहा टक्के झाले. व्होल्ट दहा टक्के गेले की उजेड तीस टक्क्यांनी पडतो.

गिऱ्हाईक : मधले व्होल्ट खातं कोण?

वायरमन : करंट बॅटरीतून निघतो, फ्यूजमधून स्टिअरिंगखालच्या दांड्यात, तिथून परत पुढे. वायर बारीक, अर्थिंग गंजलेलं. रिले टाकतो. दांड्याने रिलेला नुसता इशारा द्यायचा. बल्बचा करंट बॅटरीतून जाड वायरने सरळ, मध्ये वेगळा फ्यूज. बल्ब तोच, उजेड दिसण्याइतका वाढतो. (वाकून काच हुंगतो.) काका, ह्याला पुदिन्याचा वास कसा?

गिऱ्हाईक : काच पिवळी पडली होती. टूथपेस्टने घासतो अधूनमधून. चांगली चकाकते.

वायरमन : चार दिवस. घासून वरचा कोट निघतो आणि उन्हाने काच पुन्हा पिवळी, आधीपेक्षा लवकर. नीट पॉलिश करून वरून कोट मारू. (ड्रायव्हरच्या सीटवर बसतो. बराच वेळ बाहेर येत नाही.) काका, हा नॉब तीनवर कोणी ठेवला?

गिऱ्हाईक : मीच. गाडी घेतली तेव्हापासून. तीन म्हणजे जास्त उजेड. पंख्याचं नसतं का तसं?

(वायरमन दुकानदाराकडे बघतो, दुकानदार छताकडे.)

वायरमन : हा झोताची उंची बदलायचा नॉब. मागे माणसं, डिकीत सामान असलं की गाडीचं बूड बसतं, तोंड वर येतं. म्हणून झोत खाली ओढायला एक, दोन, तीन. पुढे बसून एकटे-दुकटे जाताना शून्य. तुम्ही इतकी वर्षं बंपरपुढचा खड्डा उजळताय.

गिऱ्हाईक : खड्डे मात्र स्वच्छ दिसायचे, हे खरं.

(नॉब फिरतो. मोटारीचा बारीक ‘घुर्र’ आवाज येतो. समोरच्या बंद शटरवरचा उजेडाचा पट्टा गटाराच्या कडेवरून उठून कुलपाच्या जरा खाली येऊन थांबतो.)

गिऱ्हाईक : अरेच्चा! पण डावीकडे वर चढलाय बघ. वाकडा बसवलास.

वायरमन : तो तसाच असतो. डाव्या कडेची माणसं, पाट्या दिसायला पाहिजेत. उजवीकडून समोरचा येतो, म्हणून तिकडे सपाट. घरी पार्किंगमध्ये भिंतीपासून १० मीटरवर उभी करा. डिप्परची वरची कड दिव्याच्या उंचीपेक्षा १० सेंटिमीटर खाली आली की समजा बरोबर. नसेल तर मागचा स्क्रू फिरवायला घेऊन या.

गिऱ्हाईक : मग आता नवे बल्ब?

दुकानदार : एक जोडी घ्या, ६०/५५चीच. तुमचे आतून काळवंडलेत. रिले, पॉलिश, मजुरी, सगळं मिळून तुमच्या त्या एलईडीएवढंच होईल.

गिऱ्हाईक : करा. पावती पक्की हवी. त्यावर लिहा, ‘हेडलाइट यंत्रणेचे संपूर्ण नूतनीकरण.’

दुकानदार : आणि नॉब शून्यावर केला, तेही लिहू?

गिऱ्हाईक : अजिबात नको.

दुकानदार : त्याचे पैसे लावत नाही हो.

गिऱ्हाईक : पैशांचं नाही. पावती घरी दाखवायचीय. गाडीबरोबर आलेलं पुस्तक आमच्याकडे एकट्या हिनेच वाचलंय. परवा ताम्हिणीत हिने तो नॉब शून्यावर आणला होता.

दुकानदार : मग?

गिऱ्हाईक : मी परत तीनवर नेला.