अपेक्षित उत्तर

डी.एड.ला असताना दोन गोष्टींवर श्रद्धा ठेवावी लागे : परमेश्वर आणि पाठ टाचण. परमेश्वर नाही म्हटलं तरी चालायचं. टाचण नाही म्हटलं की पाठच रद्द. टाचणात उभे रकाने. 'शिक्षक कृती'त आपण काय विचारणार ते लिहायचं आणि 'विद्यार्थी कृती'त मुलं काय उत्तर देणार तेही आपणच लिहायचं. आदल्या रात्री, हॉस्टेलवर बसून, मुलांना न विचारता.

टाचणाची चाल शिक्षणतज्ज्ञ हर्बार्टच्या पंचपदीची, म्हणजे शिकवण्याच्या पाच पायऱ्यांची. खुद्द हर्बार्टनं चारच पायऱ्या सांगितल्या होत्या. पाचवी शिष्यांनी वाढवली. १७९७ ते १८०० या काळात स्वित्झर्लंडमध्ये तो शिकवायचा, तेही एका घरातल्या तीन मुलांना. आपला २००९चा शिक्षण हक्क कायदा प्राथमिकला एका शिक्षकामागे तीस मुलं धरतो. हे जर्मन गृहस्थ जिल्हा परिषदेच्या तिसरीवर आले असते, तर पहिल्याच पायरीवर डोकं धरून बसले असते.

माझा पाठ परिसर अभ्यासाचा, 'पाण्याच्या अवस्था'. निरीक्षणाला आलेले सर मागच्या बाकावर, गुडघे पोटाशी घेऊन. प्रस्तावनेचा पहिला प्रश्न : "बर्फ कुठे पाहिलाय?" अपेक्षित उत्तर : फ्रीजमध्ये.

"मासेवाल्याकडे!"

"गोळेवाल्याकडे! बाई, गोळा खाऊन याला ताप आलेला!"

"माझी आजी पडली ना, तिच्या डोक्याला लावला. मग टाके घातले."

सगळी उत्तरं बरोबर. रकान्यात एकही नाही. आता आजीच्या टाक्यांवरून हेतुकथनावर, म्हणजे आज काय शिकायचं ते सांगण्यावर, यायचं कसं, हे कुठल्याच पुस्तकात दिलेलं नव्हतं. टाक्यांची संख्या, टाके घालणारा डॉक्टर आणि आजी रडली की नाही यावर वर्गात दोन तट पडले.

फळ्यावर घटक लिहिला, तसा खरा अभ्यासक्रम सुरू झाला. "बाई, समास आखू?" "बाई, वर तारीख घालू?" "बाई, खाली जागा सोडू?" "किती ओळी?" पाण्याच्या अवस्था तीन, वहीच्या अवस्था अगणित. तेवढ्यात एकानं करंगळी वर केली. त्याला जा म्हटलं आणि अख्ख्या रांगेला लागली.

वर्गशिक्षिका दारात उभ्या राहून शांतपणे म्हणाल्या, "पुन्हा एकालाच सोड. तो परत आला की दुसरा. आणि 'समजलं का?' असं कधी विचारू नकोस." मी तोवर विचारलं होतं. छप्पर हलेल असा "होऽऽऽ" आला. "काय समजलं?" म्हटलं, तर पंख्याचा आवाज ऐकू यायला लागला. त्या तीन वाक्यांत बाईंनी शिकवलं तेवढं शैक्षणिक मानसशास्त्राच्या पेपरानं शिकवलं नाही.

हळूहळू कळलं, मुलं विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर देतात, मनातल्या प्रश्नाचं नाही. फ्रीज हवा असेल तर बाईंनी फ्रीजबद्दल विचारावं. आणि गोळेवाला आलाच, तर त्याची गाडी तशीच पाठात ओढून घ्यावी. वितळणारा बर्फ त्याच्याइतका कोणी दाखवलेला नाही.

शेवटी मूल्यमापन. "पाणी खूप तापवलं, तर काय तयार होतं?" अपेक्षित उत्तर : वाफ. पहिल्या बाकावरची मुलगी उभी राहून खणखणीत आवाजात म्हणाली, "चहा!"

सरांनी शेऱ्याची वही माझ्या हातात ठेवली : 'फलकलेखन सुवाच्य. वेळेचे नियोजन हवे. पाचवी पायरी, उपयोजन : पूर्णपणे साध्य.'