दुरुस्ती पक्षाचा इंजेक्टर

मुलुंड पूर्वेच्या आमच्या सोसायटीत दोन पक्ष आहेत आणि त्यातल्या दुरुस्ती पक्षाचा मी नेता आहे. पक्ष लहान आहे. मी, दुसऱ्या मजल्यावरच्या मावशी आणि तळमजल्यावरचे एक आजोबा, ज्यांना ऐकू कमी येत असल्यामुळे माझा हात वर गेला की त्यांचाही जातो. बाकी सगळी इमारत पुनर्विकासवाली. कलम ७९-अ, ५१ टक्के संमती, कॉर्पस, महिन्याचं भाडं हे शब्द आमच्या जिन्यात शाळकरी पोरंसुद्धा बिनचूक वापरतात. स्ट्रक्चरल ऑडिटचा अहवाल आला की ते त्यात ‘सी-१’ शोधतात आणि मी ‘सी-२-ब’ शोधतो. सी-१ म्हणजे खाली करा आणि पाडा. सी-२-ब म्हणजे राहत्या घरी दुरुस्त करा. माझं सूत्र एकच: बाहेरचा सांगाडा धड असेल तर आतलं काहीही दुरुस्त होतं. हे सूत्र मी मिक्सरवर, छत्रीवर आणि स्वतःच्या दातांवर चालवून पाहिलं आहे. दातांचं सोडा.

अशा माणसाच्या मेव्हण्याच्या टेम्पोनं काळा धूर ओकायला नको होता.

टेम्पो म्हणजे टाटा ४०७. १९८६ साली ही गाडी आली तेव्हा बाजारात जपानी जोडनावांची गर्दी होती: डीसीएम टोयोटा, आयशर मित्सुबिशी, स्वराज माझदा, ऑल्विन निस्सान. तेवढ्यांना ४०७ पुरून उरली. हा दाखला मी सोसायटीच्या सभेत देत असतो; त्याचा इमारतीशी संबंध काय, असं विचारणाऱ्याला मी ‘विषयांतर करू नका’ म्हणतो. मेव्हण्याची ४०७ ठाणे पासिंगची, बीएस-फोरच्या आधीची, मंडपाचे बांबू आणि केटररची पातेली घाटकोपर-भांडुप-मुलुंड अशी वाहणारी. तिच्यात माझे थोडे पैसे अडकले आहेत. त्यामुळे मी स्वतःला भागीदार समजतो आणि मेव्हणा मला दाजी समजतो, म्हणजे सगळं ऐकून घेतो आणि करायचं ते करतो.

पवईच्या चढावर तिच्या मागच्या दुचाकीवाल्यांचे शब्द आधी मेव्हण्याच्या कानावर आले, मग पीयूसीचा दिवस आला. पीयूसीवाल्यानं सायलेन्सरमध्ये नळी खुपसली आणि अ‍ॅक्सिलरेटर दाबायला लावला. या पिढीच्या डिझेल गाड्यांना ६५ हार्ट्रिजपर्यंत धुराची माफी आहे. आमचा आकडा पाहून त्यानं आधी स्वतःचं यंत्र बिघडलंय का ते तपासलं.

गॅरेजचा मिस्त्री आमच्या गेटसमोरच आला. इंजेक्टर तपासायची जुनी रीत फार देखणी आहे. इंजिन चालू ठेवायचं आणि एकेका सिलिंडरला जाणाऱ्या डिझेल पाइपचं नट सैल करायचं. जो सिलिंडर काम करतोय त्याचं डिझेल तुटलं की इंजिन लंगडतं. पहिला सोडला, लंगडलं. दुसरा सोडला, लंगडलं. तिसरा सोडला तर इंजिनाला पत्ताच नाही.

“तीन नंबर गेला,” मिस्त्री म्हणाला. “कशाला उघडत बसताय? चारही नवे टाका, कटकट मिटवा.”

पहिल्या मजल्यावरच्या गॅलरीत आमचे सेक्रेटरी, म्हणजे पुनर्विकास पक्षाचे सर्वेसर्वा, चहा पीत उभे होते. ते वरून म्हणाले, “ऐका. तुमचाच मिस्त्री काय सांगतोय? पाडा आणि नवं बांधा.”

यापुढे निर्णय मिस्त्रीच्या किंवा मेव्हण्याच्या हातात राहणं शक्य नव्हतं. मी गेटवरच जाहीर केलं की एकही इंजेक्टर बदलला जाणार नाही.

आता एक गोष्ट लिहून ठेवतो, कारण नंतर घरात ती कुणी ऐकून घेतली नाही: माझी भूमिका बरोबर होती. जुन्या मेकॅनिकल इंजेक्टरमध्ये एक पोलादी बॉडी असते, एक स्प्रिंग, स्प्रिंगचा दाब ठरवणारी पातळ चकती म्हणजे शिम, आणि खाली टोकाला नोझल. नोझलच्या आत सुई. पंपाकडून दाबानं डिझेल आलं की सुई उचलली जाते, पाव मिलिमीटरच्या आसपासच्या चार-पाच भोकांतून डिझेलचा फवारा सिलिंडरमध्ये जातो आणि दाब उतरला की सुई परत बसते. झिजतो तो बहुधा नोझल. सुई नीट बसेनाशी झाली की फवाऱ्याऐवजी डिझेल ठिबकतं, अर्धवट जळतं, आणि उरलेलं दुचाकीवाल्यांच्या तोंडावर येतं. बॉडी वर्षानुवर्षं टिकते. तेव्हा नोझल बदलून दाब पुन्हा लावून घेणं हाच शहाणपणा. इथवर मी आणि शास्त्र बरोबर होतो. पुढे शास्त्र मागे राहिलं.

डिझेलचे पंप आणि इंजेक्टर दुरुस्त करणाऱ्या पंपवाल्याकडे नेण्याआधी इंजेक्टर घरी स्वच्छ धुवायचे, असं मी ठरवलं. मळकं सामान घेऊन कुणाच्या दारात जायचं नाही, ही आईची शिकवण. मेव्हणा म्हणाला, “दाजी, हे पंपवालाच उघडतो हो.” मी त्याला पाने धरायला लावले. चारही इंजेक्टर गॅलरीत उघडले. चार सुया, चार नोझल, चार स्प्रिंगा आणि बऱ्याच चकत्या, सगळं एका पातेल्यात घातलं आणि वर डिझेल ओतलं. पातेलं दुधाचं होतं, हे मला नंतर कळवण्यात आलं. नोझलची काजळी तारेच्या घासणीनं काढली, मग जुन्या बनियननं सगळं लखलखीत पुसलं. फोटो सोसायटीच्या ग्रुपवर टाकला: ‘दुरुस्ती सुरू.’ मावशींनी हात जोडलेले पाठवले. मग हाताला येईल ती सुई समोर येईल त्या नोझलमध्ये घातली आणि सगळं परत आवळलं. वर दोन चकत्या उरल्या. दुरुस्तीत काहीतरी उरतंच, म्हणून त्या मी मोबाइलच्या कव्हरमध्ये ठेवल्या.

चांगला पंपवाला साकीनाक्याजवळ, अंधेरी-कुर्ला रोडच्या आतल्या गल्लीत आहे असं कळलं. मुलुंडहून लोकलनं घाटकोपर आणि तिथून मेट्रो, असा मी बेत आखला. घाटकोपर-वर्सोवा मेट्रो २०१४ पासून धावते आणि तिच्या दारात सामान तपासायचं यंत्र असतं, ही माहिती मला होती. भाजीच्या पिशवीत वर्तमानपत्रात गुंडाळलेली टोकदार चार पोलादी नळकांडी त्या यंत्रात कशी दिसतील, याचा मात्र विचार झालेला नव्हता.

“काका, पिशवी उघडा. हे काय आहे?”

“इंजेक्टर.”

“कसले?”

“डिझेलचे,” असं म्हणून मी प्रामाणिकपणाची हद्द गाठली. मेट्रोच्या दारात डिझेल हा शब्द उच्चारू नये. त्यांनी पिशवीचा वास घेतला, मग माझा घेतला. दोन्ही सारखेच येत होते. अतिशय सभ्यपणे मला समजावण्यात आलं की ज्वलनशील वस्तू गाडीत नेता येत नाहीत. त्यांचं म्हणणं रास्त होतं. मागे रांगेत उभी असलेली एक मुलगी फोनवर म्हणाली, “थांब जरा, पुढे एक काका पकडलेत.” मी रिक्षा केली. रिक्षावाला सीएनजीचा, डिझेलवाल्यांनी मुंबईच्या हवेची काय वाट लावली आहे यावर असल्फा सोडेपर्यंत त्यानं माझी शाळा घेतली.

पंपरूममध्ये शिरताना पहिलं वाक्य ऐकलं, “काका, चपला बाहेर.” गॅरेजात चपला काढायला लावणारी ही बहुधा एकच खोली. काचेचं दार, धुळीला मज्जाव, कपाटात खोक्यांची चळत. मिस्त्री साताऱ्याकडचे, एसटीच्या वर्कशॉपमध्ये बरीच वर्षं काढलेले. तिथे दहा लिटर डिझेलमध्ये गाडी किती किलोमीटर गेली याचा हिशेब ठेवला जातो, त्यामुळे यांना थेंबाची किंमत माहीत. मायकोचा नोझल चांगला, असं ते म्हणाले. मोटर इंडस्ट्रीज कंपनी, म्हणजे मायको, १९५१ साली निघाली आणि २००८ साली तिचं नाव बॉश लिमिटेड झालं. नोझल आपल्या नाशिकच्या सातपूरला बनतात. खोक्यावर बॉश लिहिलेलं असलं तरी बाजार अजून मायकोच मागतो.

त्यांनी पहिला इंजेक्टर हातपंपाच्या टेस्टरला लावला आणि दांडा दाबला. चांगला नोझल ठरलेल्या दाबाला ‘कर्रर्र’ असा आवाज करून धुक्यासारखा फवारा सोडतो. आमच्यातून धार लागली. दुसऱ्यातून नुसतं ठिबकलं. तिसरा बंदच. चौथ्याचा फवारा नेमका कसा आहे हे बघायला मी बोट पुढे केलं, तर मिस्त्रींनी हातावर फटका मारला. त्या दाबाचं डिझेल कातडी फोडून आत शिरतं, वरून टाचणी टोचल्याएवढी खूण दिसते आणि आतून बोट कापायची वेळ येते. फवाऱ्यासमोर हात कधीही धरू नये. हे विनोदी लेखातलं वाक्य नाही, तसंच्या तसं घ्यावं.

मग त्यांनी एक नोझल सोडवला, सुई थोडी वर ओढली आणि सोडली. धड जोडीत सुई स्वतःच्या वजनानं संथ, न अडकता खाली उतरते. आमची एक सुई वाटेतच थांबली. दुसरी ‘टप्’ करून पडली.

“काका, हे कुणी धुतलंय?”

“घरीच.”

“एकेक वेगळं धुतलं ना?”

मी हातानं पातेल्याचा आकार दाखवला.

मिस्त्रींनी खुर्ची ओढून घेतली. सुई आणि तिचा नोझल कारखान्यात एकमेकांसाठीच घासून बसवलेले असतात. दोघांमधली फट दोन ते चार मायक्रॉन. माणसाचा केस साधारण सत्तर. एकाची सुई दुसऱ्यात घातली की एकतर अडकते किंवा डिझेल गळतं. कारखान्यात शेजारी बनले असले तरी चालत नाही.

“पण जोड्या परत लावता येतील की,” मी म्हणालो.

“चार सुया, चार नोझल. चोवीस तऱ्हा होतात. त्याही लावल्या असत्या. पण टोकं तुम्ही तारेनं घासलीत, आणि आत हा धागा कसला आहे?”

धागा बनियनचा होता.

“एक गेला होता,” मिस्त्री म्हणाले, “आता चारही गेले.”

नवीन चार नोझल घेतले. बॉड्या आमच्याच राहिल्या. मिस्त्रींनी शिम कमी-जास्त करून चारही इंजेक्टर दोनशे बारच्या आसपास, एकाच दाबाला आणले. मोबाइलच्या कव्हरमधून मी दोन चकत्या काढून पुढे केल्या तेव्हा ते काहीच बोलले नाहीत. पूर्ण नव्या सेटपेक्षा खर्च कमी आला. पातेलं, रिक्षा आणि बुडालेली भाडी धरली तर मेव्हणा वेगळा आकडा सांगतो. मी ती धरत नाही.

सोसायटीत दोन्ही पक्षांनी विजय साजरा केला. बॉडी जुनी, म्हणून आम्ही जिंकलो. “आतलं सगळं नवं म्हणजे पुनर्विकासच,” असं सेक्रेटरींनी ग्रुपवर टाकलं. मावशींनी दोन्ही मेसेजांना हात जोडले.

आणि टेम्पो सुरू झाल्यावर पुन्हा धूर. आता थोडा पांढरा, आणि वर टिक-टिक असा आवाज. इंजेक्टरच्या खाली तांब्याचा एक वॉशर असतो. जुना वॉशर काजळीनं भोकात चिकटून बसतो. तो न काढता नवा टाकला की दोन वॉशर होतात, नोझल वर राहतो आणि फवारा भलत्याच जागी पडतो. गॅरेजच्या मिस्त्रीचं म्हणणं, ‘काकांनी टॉर्च धरला होता आणि ते मला रुडॉल्फ डिझेलची गोष्ट सांगत होते.’ हे खरं आहे. ज्यानं हे इंजिन जगाला दिलं तो माणूस २९ सप्टेंबर १९१३ च्या रात्री इंग्लंडला जाणाऱ्या बोटीवरून नाहीसा झाला. अशी गोष्ट सांगताना टॉर्च थोडा हलणारच. जुने वॉशर आकड्यानं ओढून काढले, टेम्पो शांत झाला आणि पीयूसी ६५ च्या बरंच खाली पास झालं.

तेव्हापासून माझ्याकडे लोक सल्ल्याला येतात. परवा तिसऱ्या मजल्यावरचे गृहस्थ आले. त्यांची डिझेल एसयूव्ही सकाळी उशिरा सुरू होते. त्यांना मी जे सांगितलं ते इथे देतो. गाडी जुनी, मेकॅनिकल पंपाची असेल तर बॉडी ठेवा, नोझल बदला आणि चारही एकाच बेंचवर एका दाबाला लावून घ्या. कॉमन रेलची असेल तर पान्याला हातसुद्धा लावू नका. तिथे दाब दोनशेच्या ठिकाणी सोळाशे ते दोन हजार बार असतो आणि सुई विजेच्या इशाऱ्यावर हलते. आधी प्रत्येक इंजेक्टरमधून परत जाणारं डिझेल बाटल्यांत मोजून कोणता गळतोय ते पाहा; पुष्कळदा फिल्टरच तुंबलेला निघतो. दुरुस्त करायचा तर ज्याच्याकडे त्या दाबाचं टेस्ट बेंच आहे आणि जो चाचणीचा छापील कागद देतो त्याच्याकडेच द्या. नाहीतर सरळ नवा घ्या, आणि त्याच्या डोक्यावरचा कोड गाडीच्या कॉम्प्युटरमध्ये टाकून घ्यायला विसरू नका. वॉशर दोन्हीकडे नवा, जुना मोजून बाहेर काढलेला.

आणि पातेलं नवीनच घ्या. डिझेलचा वास जात नाही.