हजार चंद्र आणि एक चावीवाला

घरातल्या वडीलधाऱ्यांचा वाढदिवस तिथीने करावा की तारखेने, हा वाद पुण्यात अजून चालू असेल. सोलापुरात तो केव्हाच मिटला. आमच्याकडे वाढदिवस पाण्याने होतो. उजनी धरणाचं पाणी शंभरेक किलोमीटरवरून येणार आणि नळाला चार-पाच दिवसांआड उतरणार. त्यामुळे ज्या घरात पोरं, सुना, जावई, नातवंडं असा सगळा गोतावळा एकदम येऊन पडायचा असतो, त्या घराने पंचांग उघडण्याआधी पाण्याची पाळी बघायची असते. निमंत्रणाची पहिली अक्षत गणपतीला, दुसरी ग्रामदैवत सिद्धरामेश्वराला आणि तिसरी चावीवाल्याला, म्हणजे आमच्या गल्लीचा व्हॉल्व्ह फिरवणाऱ्याला. मी त्याच्या हातावर पेढा ठेवून रीतसर आमंत्रण केलं, तर तो म्हणाला, "जेवायला येतो की मावशी. पण तारीख काढायच्या आधी मला विचारायचं होतं."

निमित्त होतं आमच्या यांच्या सहस्रचंद्रदर्शनाचं.

आता हजार चंद्र मोजायचे तर कुठून मोजायचे, हे आधी ठरलं पाहिजे. यांचा जन्म कधीचा, या प्रश्नाला आमच्या घरात तीन उत्तरं आहेत. शाळेच्या दाखल्यावर १ जून १९४३. ही गुरुजींची देणगी. त्या काळी बाप पोराला धरून शाळेत नेऊन उभा करायचा. गुरुजी म्हणायचे, "डोक्यावरून हात घे, पलीकडचा कान धर." कान हाताला लागला की पोरगं सहा वर्षांचं, आणि जन्मतारीख १ जून. यांचे हात जात्याच लांब. त्यामुळे साडेपाच पुरी व्हायच्या आतच हे सहाचे झाले, आणि पुढे टॉवेलच्या कारखान्यातून साडेसात महिने आधी रिटायरही झाले. त्या कानाचा राग अजून गेलेला नाही.

आमच्या वयाच्या माणसांत हे १ जूनवाले इतके, की त्या दिवशी सकाळी संभाजी तलावाच्या कट्ट्यावर सगळ्यांचे फोन एकदम वाजतात. बँकेकडून शुभेच्छा. घरी माझाही वाजतो. मीही १ जूनचीच. लग्नात आमच्या पत्रिका काही फारशा जुळल्या नव्हत्या, पण दाखले तंतोतंत जुळले.

दुसरं उत्तर सासूबाईंचं. "तो झाला तेव्हा गड्ड्यातला पाळणा उतरला नव्हता," असं त्या शेवटपर्यंत सांगायच्या. गड्डा म्हणजे संक्रांतीची सिद्धेश्वर यात्रा. नंदीध्वज निघतात, संमती कट्ट्यावर अक्षता पडतात, बाराबंदी घातलेली माणसं गावभर दिसतात, आणि होम मैदानावर खेळण्यांचा नि पाळण्यांचा बाजार भरतो. सोलापुरात निम्मा इतिहास गड्ड्याच्या अलीकडचा, निम्मा गड्ड्याच्या पलीकडचा. पण कुठल्या सालचा गड्डा? "युद्ध चालू होतं नव्हं का," एवढाच खुलासा. युद्धात गड्डे पाच-सहा येऊन गेले!

तिसरं उत्तर जुन्या ट्रंकेत सापडलं. यांच्या पत्रिकेचा पिवळा कागद. त्यावर शके १८६५, पौष महिना, एवढं स्वच्छ वाचता येत होतं. तिथी होती तिथे नेमकी कसर लागलेली. म्हणजे जानेवारी १९४४, हे पक्कं झालं. दिवस किड्याच्या पोटात गेला.

हे सगळं पुण्याच्या थोरल्या नातवाच्या हाती पडलं. तो कम्प्युटरमध्ये आहे. त्याने एक्सेलची शीट काढली. वर्षात पौर्णिमा बारा, पण दर बत्तीस-तेहतीस महिन्यांनी अधिक महिना येतो, त्यामुळे सरासरी १२.३७ पडतात. हजाराला भागलं की आली ८० वर्षं १० महिने. म्हणजे नोव्हेंबर २०२४. "ढगाळ पौर्णिमा वजा करायच्या का?" त्याने विचारलं. सहस्र चंद्र झाले, पण 'दर्शन' झालं की नाही, हा त्याचा मुद्दा.

हे म्हणाले, "सोलापुरात ढग कुठले आणतोस बे? आणि धरणारच असशील तर मोतीबिंदूच्या वेळचे पण धर. ऑपरेशन होईपर्यंत मला दर पौर्णिमेला दोन-दोन दिसत होते. जमेला टाक."

नेमके त्या वेळी व्हिडिओ कॉलवर रत्नागिरीचे व्याही होते. त्यांच्याकडे तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, आमच्याकडे कसाबसा त्याचा पाचवा हिस्सा. नातवाने त्यांचाही हिशेब लगेच करून दिला. जून ते सप्टेंबर चार पौर्णिमा ढगात गेल्या धरल्या, तर त्यांना हजार चंद्र बघायला ११९ वर्षं लागतील. व्याहीबुवा जरा वेळ गप्प झाले. मग म्हणाले, "आमच्याकडे आंबे आहेत." दुष्काळी जिल्ह्याला आयुष्यात एकदा तरी फायदा झालेला मी त्या दिवशी पाहिला.

नोव्हेंबर ठरला खरा, पण नोव्हेंबरात येणार कोण? पुण्याच्या धाकट्या नातीची सहामाही परीक्षा. ऑस्टिनच्या लेकीच्या मुलांना सुट्टी नाताळात. मुंबईच्या लेकाला वर्षअखेर आल्याशिवाय रजा नाही. बरं, सगळे गड्ड्याला या म्हणावं, तर अमेरिकेतल्या शाळा जानेवारीच्या पहिल्याच आठवड्यात उघडतात. शेवटी तिथी नाही, तारीख नाही, चंद्राचाही हिशेब नाही, असा डिसेंबरातला शेवटचा रविवार निघाला, कारण त्या दिवशी सगळे रिकामे होते आणि आदल्या दिवशी पाण्याची पाळी होती. मी भीत भीतच पूजा सांगणाऱ्या गुरुजींना विचारलं. ते म्हणाले, "उत्तम. शांत करायची तर आधी घरात थोडी अशांती जमायला हवी." नंतर त्यांनी पुढच्या-मागच्या सगळ्या शांतींची यादी वाचून दाखवली. साठीला उग्ररथ, सत्तरीला भौमरथी, पंच्याऐंशीला रौद्री. आपल्या म्हातारपणाचे हे टप्पे ऐकले की वाटतं, एखाद्या पौराणिक नाटकाची जाहिरात चाललीय.

पोरं यायच्या आदल्या आठवड्यात गल्लीच्या तोंडाला फ्लेक्स लागला. ही यांच्या पुतण्यांची हौस. वर ठळक अक्षरात 'सहस्रचंद्रदर्शनानिमित्त हार्दिक शुभेच्छा', मध्ये यांचा फोटो. फोटोत यांना काळा गॉगल घातलेला आणि मागे उसळता सिंह. यांनी जन्मात गॉगल घातला नाही. सिंहाचं मला माहीत नाही. खाली शुभेच्छुकांची मुंडकी. ज्याचा चंद्र हजारावा, त्याच्यापेक्षा शुभेच्छुकांचे फोटो मोठे. रस्त्याने जाणारा प्रत्येक जण थांबून मला विचारायचा, "साहेब कुठल्या वॉर्डातून उभे राहिलेत?"

मग माणसं आली. कुणी रात्रीच्या सिद्धेश्वरने, कुणी हुतात्मा एक्सप्रेसने, कुणी वंदे भारतने. ऑस्टिनची मंडळी आधी मुंबईत उतरून दोन दिवस झोपली आणि मग आली. घरात गाद्या पसरल्या, सोलापुरी चादरी निघाल्या, बाथरूमपुढे रांग लागली. ऑस्टिनच्या नातवाने पहिल्याच सकाळी विचारलं, "आज्जी, पाणी कुठल्या वारी येतं?" आम्ही सांगितलं तसा त्याने फोनवर अलार्म लावून टाकला. पोरगं शहाणं आहे. ह्युस्टनच्या नासाचं त्याला जेवढं अप्रूप नाही, तेवढं आमच्या गच्चीवरच्या टाकीचं होतं. शनिवारी पाणी आलं तेव्हा तो चावीवाल्याबरोबर फोटो काढून आला.

खरा गोंधळ तुलेचा. यांना तोलायचं, पण कशाने? गूळ म्हणावं तर यांना साखर. नाणी म्हणावं तर पेन्शनर घर. पुस्तकं म्हणावं तर ती पुन्हा आमच्याच कपाटात येणार. मग ऑस्टिनची नात म्हणाली, "शेंगाचटणीने!" सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्या वाजवणाऱ्यांपैकी एकाने तरी उखळात दाणे कुटून बघितले आहेत का, असं विचारायचं माझ्या ओठावर आलं होतं. शेंगाचटणी मिक्सरला लावली की तिचा भुगा होतो. भाजलेले दाणे, लाल तिखट, लसूण, जिरं, मीठ घालून कुटत राहायचं, दाण्याला तेल सुटून चटणी लगदा व्हायला लागेपर्यंत. पाच किलो मी घरी कुटली. बाकी नवऱ्याच्या वजनाला कमी पडेल तेवढी विकत आणली. सोलापुरात बायकोला नवरा किती किलोचा आहे, हे दुकानदाराला सांगावं लागेल असं मला वाटलं नव्हतं.

बातमी फुटली तशी पोरं यांना खाऊ घालायला लागली. आजोबा जड होतील तेवढी चटणी जास्त. डॉक्टरांनी सांगितलेल्या दीड भाकरीची अडीच झाली. मला दिसायचं, पंगतीत ही पिल्लं दोन्ही बाजूंनी हळूच यांच्या ताटात शेंगापोळी सरकवायची आणि हे कानाडोळा करून खायचे. माझ्या वाट्याला उखळ, यांच्या वाट्याला पोळी, आणि वाढदिवस म्हणे यांचा!

रविवारी मार्केट यार्डातल्या ओळखीच्या भुसार व्यापाऱ्याकडून मोठा तराजू आला. एका पारड्यात चादर अंथरून हे मांडी घालून बसले, दुसऱ्यात अर्ध्या-अर्ध्या किलोची पाकिटं चढायला लागली. बासष्ट किलोला काटा मधोमध आला. तरी पोरं थांबेनात. शेवटी हे पारड्यासकट हवेत अधांतरी. "पुरे करा रे, खाली घ्या," असं ओरडत असताना यांच्या चेहऱ्यावर जो आनंद होता, तो कारखान्यातल्या निरोपसमारंभातही मी पाहिला नव्हता.

औक्षणाला ८१ दिवे. तीन ताटांत मांडून लेकीसुनांनी ओवाळायला घेतलं. पंखा बंद, खिडक्या बंद, घरभर तुपाच्या वातींचा वास आणि धूर. ऑस्टिनचा नातू छताकडे बघत घाबराघुबरा. "आज्जी, स्मोक अलार्म कुठे आहे? आता वाजेल!" मी म्हटलं, "बाळा, आपल्याकडे अलार्म म्हणजे आत्याबाई." आणि खरंच, आत्याबाई कोपऱ्यातून ओरडल्या, "अगं दाराला फट ठेवा, भाऊला खोकला यायलाय!" मग केक. यांचे कारखान्यातले तेलुगू मित्र 'पुट्टिनरोजु शुभाकांक्षलु' म्हणून गेले, शेजारच्या कानडी मावशी 'हुट्टुहब्बद शुभाशयगळु' म्हणून गेल्या, नातवंडांनी इंग्रजीत गाणं म्हटलं. यांनी सगळ्यांना एकाच भाषेत उत्तर दिलं, "जेवून जावा."

निमंत्रणपत्रिकेवर 'आहेर आणू नये' असं छापलं होतं. सोलापुरात याचा अर्थ टॉवेल आणा. इथल्या चादरीला नि टॉवेलला भौगोलिक मानांकन आहे, पण आमच्या कपाटाला जागा नाही. संध्याकाळी ते दार लागेना. त्यात लेकीने ऑस्टिनहून आणलेली भेट काढली. जाडजूड, मऊ, राखाडी आंघोळीचा टॉवेल. महागडा असणार, कारण पुठ्ठ्याच्या खोक्यात रिबिनीने बांधला होता.

यांनी चष्मा पुसला. टॉवेल उलटा केला. काठावरून अंगठा फिरवला, एक लूप नखाने ओढून बघितला, मग तो उजेडात धरला. कारखान्यात आयुष्यभर विव्हिंगवर नजर ठेवलेला माणूस. कोपऱ्यात 'मेड इन इंडिया'ची चिठ्ठी निघाली. "हा अक्कलकोट रोड एमआयडीसीतला आहे," यांनी निकाल दिला. लेक म्हणाली, "अण्णा, कशावरून?" "काठ बघ की. असा काठ घालायला मीच पोरांना शिकवलंय." खरं-खोटं त्या टॉवेलला माहीत. पण सोलापूरहून बंदरात, तिथून समुद्रमार्गे टेक्सासला आणि तिथून बॅगेत परत आमच्या जुळे सोलापूरला, असा प्रवास आमच्या घरात त्याच्याएवढा कुणाचा झालेला नाही. हे तो वापरत नाहीत. आल्यागेल्याला दाखवतात.

निघायच्या दिवशी तुलेची वाटणी झाली. लेकीच्या बॅगा प्रत्येकी तेवीस किलोच्या, हातकाट्याला लावून लावून भरलेल्या. एक स्वेटर निघाला आणि सहा पाकिटं आत गेली. नातवाने घोषणा केली, "आजोबांपैकी तीन किलो ऑस्टिनला चाललेत." पुण्याला आजोबा दहा किलो गेले, मुंबईला आठ. उरलेले गल्लीत वाटले, चावीवाल्यालाही दोन पाकिटं पोचली. मुलं मोठी झाली की आईबापांचे वाढदिवस त्यांच्या रजेप्रमाणे होतात, आणि ते रास्तच आहे. जन्माच्या दिवसाचं काय, तो कसरसुद्धा खाते.

फ्लेक्स मात्र मी फेकू दिला नाही. एप्रिलमध्ये गच्चीवर अंथरला. सिंहावर कुरडया, शुभेच्छुकांवर सांडगे आणि गॉगलवर पापड. "जरा चेहरा तरी मोकळा ठेव," असं हे म्हणत होते. पण ऊन तिथेच चांगलं लागतं.

परवा थोरल्या नातवाचा फोन आला. त्याने शीटमध्ये माझाही रकाना काढलाय. "आज्जी, तुझे हजार व्हायला अजून पाच वर्षं आहेत. आत्तापासून ठरवू या. तुला काय हवं?" मी विचार करायला वेळ घेतला नाही. म्हटलं, "माझं सहस्रचंद्रदर्शन तुझ्या पुण्याच्या फ्लॅटवर करा. तिथे नळाला चोवीस तास पाणी आहे आणि हाताखाली बाई आहे. चटणी तुम्ही कुटा. मी फक्त तराजूत बसायला येईन, आणि येण्याआधी महिनाभर अडीच भाकऱ्या खाईन."