दोघांच्या नावाने

परदेशातल्या प्रत्येक मराठी माणसाच्या ओळखीत एक पुरावेकर असतोच. आमचा मेलबर्नमध्ये आहे. खरं आडनाव वेगळं. सांगलीचा, शिकायला आलेला, इथल्याच एका मुलीबरोबर राहणारा. लग्न केलेलं नाही. इथे राहण्यासाठी पार्टनर व्हिसाचा अर्ज, आणि अर्ज ठरल्यापासून त्याच्या तोंडी एकच वाक्य: "दोघांच्या नावाने द्या."

गॅसचं बिल, घराचा भाडेकरार, बँकेचं खातं दोघांच्या नावाने, इथवर ठीक. ते लागतंच. पण गणपतीत वर्गणी घेणाऱ्या बाईंना यानं दहा डॉलरच्या पावतीवर दोन नावं लिहायला लावली, वर तारीख गिरवून घेतली. मागे रांग दारापर्यंत. सत्यनारायणाला गुरुजींनी संकल्पासाठी नाव-गोत्र विचारलं, तर हा म्हणतो, "तिचंही घ्या. आणि गुरुजी, याची पावती मिळते का?" गाडी भलत्या जागी लावल्याचा दंड आला, तेव्हा पैसे गेल्याचं दुःख नव्हतं, चिठ्ठी एकट्याच्या नावाने आली, याचं होतं.

फोटोंचं तर विचारूच नका. बारसं कुणाचंही असो, बाळाच्या आधी हे दोघे फोटोत. "काका, मागचा बॅनर येऊ द्या, तारीख दिसली पाहिजे." भांडणसुद्धा तोंडी करायचं नाही. "व्हॉट्सअ‍ॅपवर भांड, तारीख पडते," असं तो तिला सांगताना मी या कानांनी ऐकलंय. ती शेजारच्याच खुर्चीत बसून तावातावाने टाइप करत होती.

सगळा दोष त्याचा नाही म्हणा. ऑस्ट्रेलियाचे १९९४चे स्थलांतर नियम नातं चार बाजूंनी तपासतात: पैसा, घर, समाज आणि बांधिलकी. म्हणजे खर्च कोण करतं, भांडी कोण घासतं, लोक तुम्हाला जोडपं मानतात का आणि पुढचा विचार काय. स्थळ बघायला आलेली आत्याबाईसुद्धा याहून कमी विचारते. लग्न नसेल तर नातं किमान बारा महिन्यांचं असावं लागतं. व्हिक्टोरिया राज्यात ते सरकारदरबारी नोंदवलं तर ही अट सुटते, पुरावे सुटत नाहीत. लग्न केलं तरी हेच चार प्रश्न. फी नऊ हजार डॉलरांच्या वर. एवढे मोजल्यावर मीही गुरुजींकडे पावती मागितली असती.

खरी पंचाईत 'समाज' या रकान्यात झाली. सांगलीत आईला यानं 'रूममेट' असं सांगितलेलं. सरकारकडे भाडेकरार, पासबुक आणि ढीगभर फोटो. आईकडे नुसती एक रूममेट! घरच्यांनाच पत्ता नाही, हे त्या रकान्यात लिहायचं कसं? शेवटी व्हिसापायी का होईना, यानं फोन लावला. माउली जराही दचकली नाही. म्हणाली, "कळलं होतं रे मला. 'फराळात तिखट कमी घाल' असं रूममेटसाठी कुणी सांगतं होय?"

याशिवाय ओळखीच्या दोघा नागरिकांनी किंवा कायम रहिवाशांनी ८८८ नंबरचा फॉर्म भरून द्यायचा असतो: हे नातं खरं आहे असं तुम्हाला का वाटतं? एक फॉर्म माझ्या गळ्यात पडला. पावत्यांबद्दल लिहायला माझा हात धजेना. मग लिहिलं ते असं: याला चिवड्यातले खोबऱ्याचे काप आवडत नाहीत. आमच्याकडे फराळाला आले की ती पलीकडच्या बाईंशी गप्पा मारता मारता, बशीकडे न बघता, त्याचे काप एकेक करून वेचते आणि स्वतः खाऊन टाकते. त्याचंही लक्ष नसतं. तो आपला कुणाला तरी फोटोसाठी बोलावत असतो.

फॉर्म वाचून पुरावेकर प्रथमच गप्प बसला. खूप वेळ बसला. कार्टं मला आवडतं हे तेव्हा माझ्या लक्षात आलं. मग म्हणाला, "काका, याचा फोटो आहे का हो?"

तात्पुरता व्हिसा मिळाला. पण कायमच्या व्हिसासाठी, अर्ज केल्यापासून दोन वर्षांनी, नातं टिकून असल्याचे पुरावे पुन्हा द्यावे लागतात. तेव्हा मेलबर्नकरहो, येत्या दिवाळीतही त्यांच्या फोटोत मधे येऊ नका.