जावयांसाठी धोक्याची सूचना

म्हैसूरच्या नजरबादला लेकीकडे गेलं की जावई माझ्यावर एखादं जबाबदारीचं काम सोपवतात. यंदाचं काम निवाड्याचं होतं. पाच वर्षांच्या नातीला 'हॉटेल ट्रान्सिल्व्हेनिया' दाखवावा की नाही? "बाबा, तुम्ही आधी एकटे बघा आणि सांगा." म्हैसूरच्या राजवाड्यात राजाआधी घास चाखणारा नोकर असेलच, त्याची जागा मला मिळाली.

सिनेमा 2012चा, गेंडी टार्टाकोव्स्कींचा. अमेरिकेतल्या चित्रपट-मानांकन मंडळाने थोडा असभ्य विनोद, मारधाड आणि भीतिदायक दृश्यं, अशी कारणं देऊन पालकांना सावध केलं होतं. आपल्याकडे 2024च्या नियमांनी यूए प्रमाणपत्राचे 7, 13 आणि 16 वर्षं असे तीन वाटे केले. आमची उमेदवार तिन्हींच्या खालची, म्हणून ही घरगुती सुनावणी.

असभ्य विनोदाचा मुद्दा मी लगेच निकाली काढला. जेवणानंतरच्या माझ्या ढेकरेला ही मुलगी टाळ्या वाजवते.

राहिली भीती. पण ज्या गावाचं नावच महिषासुरावरून पडलं असं सांगतात, तिथल्या मुलीला राक्षसाची कसली भीती? चामुंडी टेकडीवर त्याचा रंगीत पुतळा आहे. एका हातात तलवार, दुसऱ्या हातात नाग, आणि मिशा अशा की बघत राहावं. नातीने त्याच्याकडे बघून एवढंच विचारलं, "आबा, हा मिशा कशाने धुतो?" शिवाय कार्टून पारखून घेणारी माझी लेक रात्री निजताना तिला नरसिंहाची गोष्ट सांगते. उंबरठ्यावर मांडीवर घेऊन पोट फाडतात, तिथे नात म्हणते, "परत सांग." या गोष्टीला कुठल्या मंडळाने किती वर्षांचं प्रमाणपत्र दिलंय, कोण जाणे.

मग सिनेमा बघितला. ड्रॅक्युला भुताखेतांसाठी हॉटेल चालवतो, कारण ती सगळी माणसांना घाबरतात. त्याची बायको माणसांच्या जमावाने लावलेल्या आगीत गेली. मुलगी 118 वर्षांची होते, बाहेरचं जग बघायचं म्हणते. बाप आनंदाने परवानगी देतो, आणि गुपचूप एक खोटं गाव उभं करून झॉम्बींना चिडलेले गावकरी बनवतो. पोरगी घाबरून घरी परत!

हा गृहस्थ मला ओळखीचा वाटला. लेकीच्या घरातल्या टेबलांच्या कोपऱ्यांना रबर लावलेलं आहे. जवळच 1892पासूनचं प्राणिसंग्रहालय आहे, पण सिंहाच्या पिंजऱ्यापाशी आलो की जावई म्हणतात, "चला, आधी जिराफ बघू." सिंह झोपलेला असला तरी.

मी निकाल दिला: मुलांना चालेल, बापांनी आपल्या जबाबदारीवर बघावा. जावई हसले आणि शेजारी बसले.

मग सगळ्यांनी मिळून सिनेमा लावला. नात खदाखदा हसत होती. सिनेमातल्या आईचा प्रसंग आला तेव्हा गप्प झाली, लेकीच्या कुशीत सरकली, आणि दोन मिनिटांनी पुन्हा हसायला लागली. त्या हॉटेलात इथल्या मैलारी हॉटेलसारखा लोणी घातलेला डोसा मिळतो का, एवढीच तिची शंका होती. तिचा बाप मात्र खोट्या गावाच्या वेळी "दूध बघून येतो" म्हणून स्वयंपाकघरात गेला होता, तो शेवटच्या गाण्यापर्यंत तिथेच होता. दूध सकाळीच तापवून फ्रिजमध्ये ठेवलेलं होतं.