कवेलू फेरा, पण घरी कोणी नसताना

घरावरचे कवेलू स्वतःच्या हातानं फेरायचे असतील तर पहिली अट अशी की घरी कोणी नसावं. दुसरी, शेजारीही नसावेत. आमच्या वडशात दोन्ही अटी एकदम जमणं कठीण. झाडीपट्टीची नाटकं बघायला अख्खी गल्ली रात्रभर जाते खरी, पण तो मोसम दिवाळीनंतरचा. कवेलू फेरायचे मे महिन्यात, आणि मे महिन्यात सगळी माणसं सावली धरून बसलेली, करमणुकीला उपाशी. ती उणीव त्या वर्षी मी भरून काढली.

आमच्या घरावर देशी कवेलू. इंग्रजी कवेलूंची गोष्ट निराळी. बासेल मिशननं 1865 साली मंगळूरला कारखाना काढला, तिथून ते देशभर गेले. त्यांना मागे खुंटी असते, ती लाकडी पट्टीला अडकते. देशी कवेलूला ना खुंटी ना खिळा. कुंभार चाकावर निमुळता नळा ओढतो, तो उभा चिरला की दोन कवेलू होतात. एक ओळ उताणी, तिच्या काठांवर दुसरी पालथी, आणि वरचा कवेलू खालच्यावर चार बोटं चढलेला. सगळा कारभार वजनावर आणि एकमेकांच्या भरवशावर. हे मला इतकं बारकाईनं सांगता येतं, कारण तो सगळा कारभार माझ्या डोळ्यांदेखत खाली गेला.

आदल्या पावसाळ्यात पाणी बरोबर माझ्या उशीवर गळत होतं. मी शाळेत भूमिती शिकवतो. उशीच्या मध्यातून लंब काढला, तो छपराला जिथं मिळाला तिथं खडूनं फुली मारली आणि शिडी लावली. छपरावरच्या पाण्याला भूमिती येत नाही. ते फुटक्या कवेलूतून आत शिरतं, बांबूच्या कमचीवरून फाट्यावर येतं, फाटा धरून उतरत राहतं आणि जिथं गाठ लागेल तिथं ठिबकतं. म्हणून भोक बहुतेक वेळा थेंबाच्या वरच्या अंगाला, आढ्याकडे असतं. ते शोधायला छपरावर चढावंही लागत नाही. भर दुपारी दारं-खिडक्या लावून आत उभं राहायचं, उजेडाचा ठिपका दिसेल तिथं झाडूची काडी खालून वर खोचायची. बाहेरून ती काडी दिसते.

मी चढलो सकाळी अकराला. नदीपलीकडच्या ब्रह्मपुरीचा पारा त्या आठवड्यात रोज पेपरात झळकत होता. कवेलू तव्यासारखे तापलेले. चप्पल निसटेल म्हणून मी अनवाणी होतो. त्यामुळे पाय कुठं ठेवायचा हा विचार मागे पडला, उचलायचा केव्हा हाच राहिला. पाय फाट्याच्या रेषेवर ठेवायचा असतो. मी दोन फाट्यांच्या मधोमध ठेवला. एक कवेलू गेला. तो बदलायला मी खाली सरकलो आणि हाताशी आलेला वळचणीचा कवेलू ओढून काढला.

त्याच्या वरचा त्याच्या जागी आला. त्याच्या वरचाही आला. मग आढ्यापर्यंतची ओळच निघाली.

समोरच्या ओट्यावर खर्रा घोटत बसलेले काकाजी उठलेसुद्धा नाहीत. दरवर्षी गावातले निम्मे कवेलू तेच फेरतात. म्हणाले, "मास्तर, काढाचे वरून, लावाचे खालून. आता उतरा जी, तुमच्या वजनानं बाकीचेबी येतील."

आजवर कवेलू फुटण्याचं खापर आम्ही वांदरांवर फोडत आलो. त्या दिवशी वांदरं चिंचेवर शांत बसून होती. बहुधा शिकत होती.

मागच्या खोलीवर बायकोनं परस्पर टिना आणून टाकल्या. त्या ठोकायचं काम मी हट्टानं मागून घेतलं. खिळा किंवा हूक पन्हळीच्या उंचवट्यावर मारायचा असतो, खाली रबरी वायसर घालून, कारण पाणी खोलगट भागातून वाहतं. माझ्या हातोड्याला खोलगट भागच सोयीचा वाटला. पहिल्याच पावसात बायको म्हणाली, "बरं झालं, आता या खोलीत वेगळा नळ नको." नळाच्या आट्यांवर मी टेप उलटी गुंडाळली होती, ती कथा इथं घेतली तर कवेलूंवर अन्याय होईल.

तेव्हा वाचकहो, मृग 7-8 जूनला लागतो, त्याच्या आधी, रोहिणीतच, तुमच्या गावच्या काकाजींना गाठा. तुटफूट धरून थोडे जास्तीचे कवेलू आणून ठेवा. फेरताना वळचणीतला पाचोळा काढायला लावा. निम्मी गळती त्या तुंबलेल्या पाचोळ्यानंच होते. तुम्ही खाली उभं राहून कवेलू वर द्या, त्याहून वर जाऊ नका. पाऊस पडला की काकाजी धानाच्या पऱ्ह्यांमागे लागतात, पुढे रोवणी सुरू होते, आणि ओल्या कवेलूवर तर तेही चढत नाहीत.