अळवातल्या तारा

आमच्या परसात पाच मीटर उंचीचा ॲल्युमिनियमचा पाइप उभा आहे. शेजारी त्याला झेंड्याची काठी समजतात आणि पंधरा ऑगस्ट जवळ आला की चौकशी करतात. प्रत्यक्षात तो हॅम रेडिओच्या वीस मीटर बँडचा व्हर्टिकल, म्हणजे उभा, अँटेना. उंची लहरीच्या लांबीच्या पाव. त्याचा दुसरा अर्धा भाग जमिनीत असतो, म्हणजे असायला हवा: बुडापासून चहूकडे पसरलेल्या तारा, अर्थात रेडिअल. मी त्याऐवजी एक सळई ठोकली, रिग, म्हणजे रेडिओ संच, लावली आणि मीटर पाहिला. एसडब्ल्यूआर, म्हणजे अँटेना रिगशी किती जुळतो त्याचं माप, एक! याहून चांगला आकडा नाही. लगेच फोटो काढून चार हॅम मित्रांना पाठवला.

तिघांनी अंगठे दाखवले. चौथा मुरलेला. त्याचा फोनच आला.

"रेडिअल किती घातलेस?"

"गरजच पडली नाही."

"अरे, एसडब्ल्यूआर एक म्हणजे पन्नास ओहम; पाव लहरीचा व्हर्टिकल छत्तीसच्या आसपास भरतो. पन्नासला वरचे चौदा कुणी दिले? मातीने?"

मातीनेच. म्हणजे मी ५० वॉट सोडले की १४ वॉट गांडुळं शेकत होती.

मोटार रिवाइंडिंगवाल्याकडून तांब्याची तार आणली, पाच-पाच मीटरचे सोळा तुकडे केले आणि दोन रविवार खुरप्याने चर पाडत बसलो. कंबर धरून उठलो, मीटर पाहिला: १.३. बिघडवलं की सगळं! रात्री बॅटरीच्या उजेडात सोळाही तारा उपटल्या. मीटर पुन्हा एक. आनंदाने फोन केला. पलीकडून बराच वेळ फक्त हसणं आलं, हॅमच्या भाषेत फाइव्ह-नाइन, म्हणजे अगदी खणखणीत. "मातीतलं नुकसान गेलं म्हणून आकडा वाढला, शहाण्या!"

तारा पुन्हा पुरल्या, आईच्या अळवातूनच.

ब्राऊन, लुईस आणि एपस्टाइन यांनी १९३७ साली अमेरिकेत तब्बल ११३ रेडिअलपर्यंतची मोजमापं प्रसिद्ध केली होती. त्यांच्या जागेत कुणाचं अळू नसावं. माझी कमाई एक डेसिबलच्या आसपास. एस-मीटरचा एक अंक सहा डेसिबलचा, म्हणजे पलीकडच्याला काटा हलल्याचा भास होईल, एवढीच.

"ही कसली मुळी रे? तुटता तुटत नाही," म्हणत आई परवा अळवातून तांब्याचं भेंडोळं घेऊन आली. तिने ते भांडीवालीसाठी बाजूला ठेवलंय. सोळातल्या चारेक तारा धड असाव्यात. मीटर पुन्हा एकाकडे सरकलाय. या वेळी फोटो काढलेला नाही.